बिट्टूला समुद्रावर न्यायचं, तर आधी दुपारचं ठरवा

ताई,
आमचा बिट्टू आठ वर्षांचा लॅब्रेडॉर. अंगाने जरा सुटलाय, पण उत्साह अजून पिल्लाचा. दोन महिन्यांनी समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात पाच दिवस जायचा आमचा बेत आहे. आपल्याच गाडीने जाणार, सात तासांचा रस्ता. बिट्टूने आजवर समुद्र पाहिलेला नाही. बारा वर्षांची मुलगी म्हणते, तो नसेल तर मीही येणार नाही. नवऱ्याचं म्हणणं, कुत्रं बरोबर असलं की ना धड आपली सुट्टी होते ना त्याची, बोर्डिंगमध्ये ठेवू. सासूबाई म्हणतात, न्या खुशाल, मी खोलीवर थांबेन त्याच्याजवळ. मला सगळ्यांचंच पटतं आणि निर्णय काही होत नाही. न्यावं का? नेलं तर काय सांभाळायचं?
– द्विधा झालेली एक आई

न्या. माझं मत विचाराल तर न्या. पण तुमच्या घरात वाद ज्या प्रश्नावर अडलाय, त्याच्या आधीचा एक प्रश्न कुणी विचारलेलाच दिसत नाही. रोज सकाळी दहा-साडेदहापासून ऊन उतरेपर्यंत बिट्टूजवळ कोण थांबणार? चौघांनी बसून पाच दुपारी नावानिशी वाटून घ्या. हे वाटप राजीखुशीने झालं तर बाकीचं सगळं जमण्यासारखं आहे. त्यावरच कुरबुर सुरू झाली, तर मात्र तुमच्या नवऱ्याचं म्हणणं खरं समजा आणि बिट्टूला मागे ठेवायची चांगली सोय बघा.

दुपारवर एवढा जोर का देतेय ते सांगते. आपल्याला घाम सगळ्या अंगाला येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. जिभेवरचा आणि घशातला ओलावा वाळतो, त्याबरोबर उष्णता निघून जाते. आता समुद्रकाठच्या हवेचा विचार करा. तिथे हवेतच इतका दमटपणा असतो की दोरीवरचे कपडे दिवसभर वाळत नाहीत. तसाच त्याच्या जिभेवरचा ओलावाही वाळत नाही. तो धापा टाकत राहतो, दमतो, आणि अंग काही निवत नाही. म्हणून कोरड्या हवेत ज्या तापमानाला तो मजेत फिरतो, त्याच तापमानाला किनाऱ्यावर त्याची दमछाक होते. त्यात बिट्टू लॅब, वयाने आठ आणि वजनाने जास्त. या तिन्ही गोष्टी उष्णतेच्या बाबतीत त्याच्या विरोधात जातात.

आणि शहर म्हटलं की तुमचा बेत नुसत्या किनाऱ्याचा नसणार. संग्रहालय, मत्स्यालय, बाजार, होडीची फेरी, संध्याकाळचं बाहेरचं जेवण, यांतल्या बहुतेक ठिकाणी कुत्र्याला आत घेत नाहीत. अशा वेळी ‘पंधरा मिनिटांत येतो, तोवर गाडीत बसू दे’ हा विचार मनात येतो. तो येताक्षणी झटकून टाका. बाहेर 24 अंश, म्हणजे आपल्याला छान वाटेल अशी हवा असली, तरी उन्हात बंद उभ्या गाडीत दहा मिनिटांत 34 अंशांच्या आसपास तापमान जातं आणि अर्ध्या तासात 43 च्या घरात. काच बोटभर खाली ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही. दाराशी खांबाला बांधून आत जाणंही नको. अनोळखी शहरात, गर्दीत, एकटं बांधलेलं कुत्रं घाबरतं, आणि येणारा-जाणारा त्याला काय खायला घालेल याचा भरवसा नाही.

मग उरते खोली. तिथे पंखा किंवा एसी, पाण्याचं भांडं, ओळखीची चादर आणि घरचं एक माणूस. सासूबाईंनी आपणहून तयारी दाखवली हे त्यांचं मोठेपण आहे, पण म्हणून पाचही दुपारी त्यांच्या गळ्यात घालू नका. त्याही समुद्र बघायलाच येताहेत. शिवाय तीस-पस्तीस किलोच्या लॅबने जिन्यात किंवा रस्त्यावर एक हिसका दिला तर वयस्कर माणूस पडू शकतं. त्यांनी खोलीत त्याच्याशी गप्पा माराव्यात, पट्टा हातात घेऊन बाहेर नेण्याचं काम तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्याने करावं. मुलीचीही एक दुपार असू द्या, सोबत एका मोठ्या माणसाला ठेवून. तिने हट्ट धरला आहे तर त्यातला हा वाटा तिला आनंदाने उचलता येईल, आणि मला वाटतं ती उचलेलही.

आता तयारीकडे येते. दोन महिने हातात आहेत ही चांगली गोष्ट आहे, कारण काही कामं आठवड्याभरात उरकत नाहीत. या पंधरवड्यातच बिट्टूला डॉक्टरांकडे नेऊन समुद्रावर जाणार असल्याचं स्पष्ट सांगा. रेबीजची लस चालू मुदतीत आहे ना ते बघा. लेप्टोस्पायरोसिसची लस कधी दिली होती ते विचारा. हा आजार उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून येतो आणि किनारी शहरांत साचलेली डबकी, गटारं, ओल यांना तोटा नसतो. ही लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि पुढे दरवर्षी एक. गोचीड-पिसवांचं औषध चालू ठेवा. डासांतून होणाऱ्या हृदयातल्या जंतांवर प्रतिबंधक औषध आधीपासून द्यावं का, हेही विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट मुद्दाम तपासायला सांगा. त्याचा घसा आणि श्वास. वयस्कर लॅबमध्ये स्वरयंत्राची झडप नीट न उघडण्याचा एक विकार आढळतो. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, श्वास घेताना खरखर येते, पाणी पिताना ठसका लागतो. असं काही बिट्टूला जाणवत असेल तर दमट उन्हाळी हवा त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि मग माझं ‘न्या’ मी मागे घेते. तसं काही नसेल तर या दोन महिन्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचं वजन थोडं उतरवा. दोन-तीन किलो जरी कमी झाले तरी त्याला वाळूत चालणं हलकं जाईल.

खोली ठरवताना ‘पाळीव प्राणी चालतात’ एवढ्या ओळीवर विसंबू नका. फोन करा आणि उत्तरं लेखी मागवा. किती वजनापर्यंतचा कुत्रा चालतो? वेगळे पैसे किंवा अनामत? खोलीत काही वेळ एकटा ठेवलेला चालतो का? लिफ्टमधून नेता येतो का? शी-शू करायला जवळ मोकळी जागा कुठे आहे? तळमजल्याची खोली मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण रात्री-अपरात्री त्याचं पोट बिघडलं तर तीन मजले उतरायला लागत नाहीत. किनाऱ्याचे नियमही याच वेळी माहीत करून घ्या. पुष्कळ शहरांत पोहणाऱ्यांच्या भागात कुत्र्यांना मनाई असते, काही ठिकाणी ती फक्त गर्दीच्या मोसमात किंवा ठरावीक वेळेत असते, आणि काही ठिकाणी पट्टा सोडलेला मुळीच चालत नाही. पट्टा बांधलेला आणि पिशवी खिशात हे तर गृहीतच धरा. वाळूवर त्याची घाण तशीच टाकून गेलात, तर त्यानंतर तिथे येणाऱ्या प्रत्येक कुत्रेवाल्याला तोंड दाखवायची चोरी होते.

सात तासांच्या प्रवासाचा सराव आतापासून करा. आधी अर्धा तास, मग एक, मग दोन. मागच्या सीटवर हार्नेसला अडकवायचा सीटबेल्ट किंवा नीट बांधलेला क्रेट, दोहोंपैकी त्याला जे मानवेल ते. क्रेट असेल तर त्यात त्याला उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर खाणं नको. दर दोन तासांनी थांबा, पट्टा बांधल्याशिवाय दार उघडू नका. गाडी लागत असेल तर उलटीवरचं औषध डॉक्टरांकडून घ्या. आपल्या घरातल्या गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने तर कधीच नाही.

पोचलात की त्या दिवशी किनारा नको. मुलीला हे आवडणार नाही, पण तिला समजावून सांगा. नवी खोली, नवे वास, नव्या गाड्यांचे आवाज एवढं त्याला एका दिवसाला पुरे आहे. कुत्री हरवतात ती बहुधा अशा पहिल्या दिवशी, दार अर्धवट उघडं राहून. गळपट्ट्याला तुमचा चालू फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, मायक्रोचिप असेल तर नोंदीतला नंबर बदललेला नाही ना ते बघा, आणि मोबाईलमध्ये त्याचा अलीकडचा, पूर्ण अंग दिसणारा फोटो ठेवा. त्या शहरातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्याचा आणि रात्री उघडा असणाऱ्या एका दवाखान्याचा पत्ता निघायच्या आधीच शोधून ठेवायचा. पहिल्या संध्याकाळी नुसतं खोलीच्या आसपास फिरवा, त्याला हवं तिथे थांबून हुंगू द्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठा, उजाडता उजाडता किनाऱ्यावर पोचा. ओहोटीची वेळ साधली तर फारच चांगलं, ओली घट्ट वाळू मोठी मिळते आणि लाटा लांब असतात. त्याला पाण्याकडे ओढत नेऊ नका. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडमध्ये कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करायचे, त्यांच्या बोटांमध्ये पडदा असतो, हे सगळं खरं. तरीही प्रत्येक लॅब पहिल्याच दिवशी पाण्यात झेपावतो असं नाही. लाट येते आणि पायाखालची वाळू सरकते, तो क्षण नीट बघा. तो एक पाय उचलतो, मागे सरतो, परत गेलेल्या पाण्याचा वास घेतो. कान मागे चिकटलेले आणि शेपूट पायात असेल तर दहा पावलं मागे या आणि तिथेच वाळूत बसून राहा. कान पुढे आले, शेपूट सैल हलायला लागली, की तो स्वतःच जाईल. नाही गेला तरी बिघडत नाही. ओल्या वाळूत खड्डा खणण्यातही त्याचा दिवस सोन्याचा होतो.

पोहायला लागला, तर पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला आणि लांब दोरी सोडू नका. आणि हे घरातल्या प्रत्येकाकडून कबूल करून घ्या, मुलीकडून दोनदा: बिट्टू प्रवाहात ओढला गेला तर त्याच्यामागे कुणीही पाण्यात उतरायचं नाही. आत ओढणारा प्रवाह माणसालाही सोडत नाही. कुत्रा पुष्कळदा प्रवाहाबरोबर बाजूला जाऊन बाहेर पडतो आणि त्याला वाचवायला गेलेलं माणूस बुडतं. किनाऱ्याच्या बाजूबाजूने चालत त्याला हाका मारायच्या आणि जीवरक्षकाला बोलवायचं.

खेळताना चेंडूऐवजी चपटी चकती घ्या. पाण्यात तरंगणारा चेंडू पकडायला कुत्र्याला जबडा मोठा उघडावा लागतो, आणि दर वेळी घोटभर पाणी आत जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. अर्धा तास असा खेळ झाला की रात्री पातळ जुलाब ठरलेले. आणि फार पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढून तोल जाणं, थरथरणं, झटके असं गंभीर काही होऊ शकतं. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून त्याला घरून नेलेलं गोडं पाणी पाजा. तो नको म्हणाला तरी भांडं समोर धरा. वाळूही पोटात जायला नको. खाऊ खाली टाकून देऊ नका, हातावर द्या.

वाळूवर वाहून आलेलं काहीही त्याला तोंडात धरू देऊ नका, आणि हे सांगताना मी जरा कठोर होते. मेलेले मासे, जेलीफिश, गळ अडकलेल्या दोऱ्या, सगळंच. जेलीफिश मेल्यावरही डसते. काही माशांमध्ये आणि समुद्री गोगलगायींमध्ये टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, त्यावर उतारा नाही. 2009 मध्ये न्यूझीलंडला ऑकलंडच्या किनाऱ्यांवर अशाच गोगलगायी तोंडात घेऊन कुत्री दगावली होती. ‘सोड’ ही आज्ञा बिट्टूला येते का? येत नसेल तर हे दोन महिने तिच्यासाठीच वापरा, रोज पाच-दहा मिनिटं. सगळ्या तयारीत मी हिला पहिला नंबर देईन. गळ टोचलाच तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका, त्याला काटा असतो, आत जाताना जितकं फाटत नाही तितकं बाहेर येताना फाटतं. दोर कापा आणि दवाखाना गाठा.

किनाऱ्याचे मालक आपण नाही हेही मुलीला दाखवा. कासवं आपली अंडी वाळूत पुरून ठेवतात, ती उबायला दीड ते दोन महिने लागतात, आणि कुत्र्याचं नाक ती सहज शोधून काढतं. कित्येक पक्षी तर उघड्या वाळूवरच, नुसत्या खळगीत अंडी घालतात. कुत्रा धावून आला की आई उडते आणि अंडी उन्हात पडतात. कुंपण किंवा पाटी दिसली की तिथून लांबूनच जायचं. पक्ष्यांच्या थव्यामागे सोडायची गंमत करायची नाही. फोटो कितीही छान येत असला तरी नाही.

नऊ वाजले की परत. डांबरी रस्त्यावर किंवा कोरड्या वाळूवर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवत नाही. खोलीवर आल्यावर नळाच्या पाण्याने मीठ आणि वाळू धुवा, पोट, काखा आणि बोटांच्या मधली जागा विसरू नका, नाहीतर तो चाटत बसतो आणि कातडी सोलवटते. लॅबचे कान लोंबते, आत ओल राहिली की दोन दिवसांत खाज आणि वास सुरू होतो. मऊ कापडाने कानाची आतली बाजू टिपून घ्या, काडी घालू नका. आपलं सनस्क्रीन त्याला लावू नका. पुष्कळशा क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, ते चाटलं की त्याला बाधतं.

खूप पोहल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची शेपूट मुळापासून एक-दोन इंच आडवी आणि पुढे मेल्यासारखी लोंबताना दिसली तर घाबरू नका. लॅबमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. शेपटीच्या बुडाचे स्नायू ताणले जातात, दुखतं, बसायला नको वाटतं. विश्रांतीने काही दिवसांत उतरतं. डॉक्टरांना एकदा दाखवा, पण आपली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात.

घाबरायचं ते उष्माघाताला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश असतं. 41 च्या पुढे गेलं की आतल्या अवयवांवर घाला येतो. धापा थांबतच नाहीत, जीभ रुंद होऊन लाल भडक दिसते, लाळ चिकट होते, तो अडखळतो, उलटी करतो. एवढं दिसलं की आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. सावलीत न्या, मिळेल ते थंड पाणी सगळ्या अंगावर ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. पाणी ओतता ओतता दवाखान्याला फोन करा, आणि गाडीतही एसी पूर्ण चालू ठेवा. तो सावध झाला, उठून बसला, तरी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण आतलं नुकसान दुसऱ्या दिवशीही वर येतं.

तुमच्या नवऱ्यासाठी दोन शब्द. बोर्डिंगमध्ये ठेवणं म्हणजे कुत्र्यावर माया नसणं, असं मुलीला वाटू देऊ नका. गाडीत बसल्यावर तो शेवटपर्यंत थरथरत असेल, सरावाने काही फरक पडत नसेल, फटाक्यांना किंवा गर्दीला फार घाबरत असेल, किंवा डॉक्टरांनी श्वासाबद्दल शंका काढली, तर त्याला ओळखीच्या जागी ठेवणंच भलं. त्यातही शक्य असेल तर ओळखीचं माणूस तुमच्या घरी येऊन राहू दे. नाही जमलं तर बोर्डिंगची जागा आधी बघून या, एक रात्र ठेवून बघा, आणि मग पाच दिवसांसाठी सोडा. हा निर्णय निघायच्या तीन आठवडे आधी पक्का करा, म्हणजे मुलीलाही तो पचवायला वेळ मिळेल.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याला उजेडात आडवं पाडून सगळं अंग चाचपा. कानांच्या आत, काखेत, बोटांमध्ये आणि शेपटीच्या खाली गोचीड दडतात. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, खाणं सोडणं, उलट्या, लघवी गडद होणं किंवा हिरड्या आणि डोळे पिवळट दिसणं यांतलं काहीही आढळलं तर वाट बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि आम्ही अमुक तारखांना समुद्रकाठी होतो, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा.